विदर्भातल्या खेड्यात नळजोडणी आणि पाणीपट्टी: नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या खेड्यात घर बांधलं किंवा भाड्याने घेतलं, की विजेचं मीटर कसं घ्यायचं हे सांगणारे दहा जण भेटतात. नळाचं मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक म्हणतो ग्रामपंचायतीत जा, दुसरा म्हणतो प्राधिकरणात (महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, राज्याची पाणीपुरवठा यंत्रणा) जा, तिसरा म्हणतो कुठं जाऊ नका, माझ्या ओळखीचा नळवाला आहे. पहिले दोघं आपापल्या गावापुरते खरंच बोलत असतात. तिसऱ्याचं ऐकू नका.

मी खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातल्या गावात, गावठाणाच्या कडेला घर बांधलं आणि नळ घेतला. त्यानंतर नात्यागोत्यातल्या बऱ्याच जणांचे अर्ज लिहून दिले. बदलीवर आलेल्या शिक्षकांपासून ते वाटणीनंतर सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) वेगळं घर बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा घोळ एकाच जागी होतो: गावात येणारं पाणी कोणाचं आहे, हे न विचारता धावपळ सुरू होते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

## १. आधी विचारा: आपल्या गावात पाणी कोणाचं येतं?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, गावाची स्वतःची योजना. गावाजवळ किंवा नदीकाठी विहीर, तिच्यावर मोटर, गावात उंच टाकी, तिथून गल्लीगल्लीत पाइपलाइन. हे सगळं ग्रामपंचायत चालवते. विजेचं बिलही तीच भरते आणि नळ सोडणाऱ्याचा पगारही तीच देते. जल जीवन मिशनमधून (हे मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं) ज्या गावांत नव्या टाक्या उभ्या राहिल्या, त्यांतली बहुतेक गावं याच प्रकारात मोडतात.

दुसरा, प्रादेशिक योजना. एका धरणावरून अनेक गावांना पाणी. आपल्या पश्चिम विदर्भात यांची नावंच गावांच्या आकड्यांवरून पडली आहेत: शहानूर धरणावरची १५६ गावांची योजना, वान धरणावरची ८४ खेडी, काटेपूर्णावरची खांबोऱ्याची ६४ खेडी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून धरणाचं पाणी लांबून आणावं लागलं. अशा योजना काही ठिकाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवतं, काही ठिकाणी जिल्हा परिषद.

यात पुन्हा दोन पोटप्रकार आहेत आणि तिथेच लोक गोंधळतात. काही गावांत प्राधिकरण थेट घराघरात मीटर लावून बिल देतं. काही गावांत योजना फक्त गावच्या टाकीपर्यंत पाणी आणून देते आणि पुढचं वाटप व वसुली ग्रामपंचायत करते. या दुसऱ्या पद्धतीत तुम्ही पाणीपट्टी वेळेवर भरली, पण ग्रामपंचायतीने वर भरली नाही, तर थकबाकीपोटी अख्ख्या गावाचं पाणी बंद होऊ शकतं. तेव्हा घर घेण्याआधीच विचारून ठेवा, ग्रामपंचायतीकडे योजनेची थकबाकी किती आहे.

तिसरा, छोटे पाडे आणि टोले. गडचिरोली, मेळघाट, झरी जामणीकडच्या वस्त्यांवर एकाच बोअरवर हापशी आणि सौर पंप दोन्ही बसवलेले दिसतात, शेजारी छोटी टाकी आणि तिला तोट्या. तिथे घरात नळ घेण्याची प्रक्रिया फारशी नसते. वस्तीच्या ग्रामपंचायतीशी बोलायचं एवढंच.

आपलं गाव कोणत्या प्रकारात आहे हे कळायला सगळ्यात सोपा मार्ग: शेजाऱ्याकडून पाण्याच्या पैशाची शेवटची पावती मागून बघा. वर ग्रामपंचायतीचं नाव असेल तर अर्ज ग्रामपंचायतीत. प्राधिकरणाचं बिल असेल तर त्यावर छापलेल्या उपविभागाच्या कार्यालयात. शेजारी म्हणाला, पावती नाही, तर तेही एक उत्तरच आहे. मग सचिवांना विचारा.

(ग्रामसेवकांचं पद २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. पाटीवर तसं लिहिलेलं असेल. आपल्याकडे सगळे सचिवच म्हणतात.)

## २. नमुना ८ वर घराची नोंद आहे का ते बघा

ग्रामपंचायत नळ देते तो घराला, माणसाला नाही. म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, अर्थात नमुना ८ मध्ये, तुमच्या घराला क्रमांक हवा. उतारा संगणक परिचालकाकडे मिळतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली ही अधिसूचित सेवा आहे आणि फी २० रुपये आहे. जास्त मागितले तर पावती मागा. पावती म्हटलं की आकडा बहुतेक वेळा २० वर येतो.

इथे अडचणी तीन प्रकारच्या येतात.

घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. वारस नोंद किंवा फेरफार होईपर्यंत थांबायची गरज नसते. ज्यांच्या नावावर घर आहे ते हयात असतील तर अर्ज त्यांच्याच नावाने द्या. हयात नसतील तर वारसांचं संमतीपत्र जोडा आणि फेरफाराचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या.

घर विकत घेतलं असेल तर जुन्या मालकाची थकबाकी तुमच्या गळ्यात येते. खरेदीखतावर सही करण्याआधी येणे बाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्याकडून घ्या. हा दाखलाही त्याच कायद्याखाली मिळतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दाखला दोन्हींचा आहे ना, हे वाचून घ्या.

घर गावठाणाबाहेर, लेआउटमध्ये किंवा वावरात असतं. तिथपर्यंत मुख्य पाइपलाइनच नसते. अशा वेळी नळजोडणीचा अर्ज देऊन उपयोग नाही. आधी लाइन वाढवण्याची मागणी ग्रामसभेत घालावी लागते, ती आराखड्यात बसावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. प्लॉट विकणारा म्हणेल, नळ येणारच आहे. पाइप जमिनीत दिसेपर्यंत तो आला असं धरू नका.

एक लक्षात ठेवा, नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे. ती कराची नोंद आहे. नळासाठी ती पुरते, बँकेच्या कर्जासाठी पुरेलच असं नाही.

भाडेकरू असाल तर अर्ज घरमालकाच्याच नावाने जाईल. पाणीपट्टी कोण भरणार हे भाडेकरारात लिहून घ्या.

## ३. कागदं जमवा

- साध्या कागदावर किंवा कार्यालयाच्या छापील नमुन्यात अर्ज
- नमुना ८ चा चालू वर्षाचा उतारा
- घरपट्टी भरल्याची पावती (नमुना १०)
- आधार कार्डाची प्रत. जल जीवन मिशनच्या यादीत घराची जोडणी आधारशी जोडतात
- घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतीपत्र
- खरेदीचं घर असेल तर खरेदीखताची प्रत आणि बाकी नसल्याचा दाखला
- प्राधिकरणाकडे अर्ज असेल तर फोटो, जागेचा साधा नकाशा आणि परवानाधारक प्लंबरची सही लागू शकते. खिडकीवर आधी यादी मागून घ्या

सगळ्याच्या दोन प्रती करा. एकीवर पोच घ्यायची: तारीख, सही, शिक्का, आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय.

## ४. अर्ज, मंजुरी आणि पैसे

एका सचिवाकडे बरेचदा दोन-तीन गावं असतात. "सचिव तालुक्याले गेले" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. त्यांचे गावात बसायचे वार कोणते ते फलकावर बघा किंवा फोन करून जा. सरपंच बाई असतील तर बोलणं त्यांच्याशीच करा, त्यांच्या यजमानांना सहीचा अधिकार नाही.

अर्ज मासिक सभेपुढे जातो, ठराव होतो, मग मंजुरी. मंजुरीनंतर जोडणी शुल्क आणि अनामत भरायची. किती, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या ठरावावर असतं, म्हणून शेजारच्या गावचा आकडा ऐकून वाद घालू नका. हवं तर ठरावाची प्रत मागा.

जल जीवन मिशनचं काम गावात सुरू असताना यादीत नाव असलेल्या घरांना योजनेतूनच जोडणी मिळते. गावासाठी लोकवर्गणी ठरलेली असते, गावातल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के, आणि डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. ती श्रमदानानेही देता येते. पण काम संपल्यावर बांधलेल्या नव्या घराला पाइप, खोदाई, तोटी हा खर्च सहसा स्वतःच करावा लागतो. "जल जीवनमध्ये नळ फुकट आहे" असं सांगणारा माणूस २०२२ सालचं सांगत असतो.

गावातलं मिशनचं काम अजून सुरूच असेल तर घाई करून यादीतून बाहेर पडू नका. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे. यादीत घर आहे का, हे सचिवांकडे आणि मिशनच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येतं. यादीत तुमच्या घरी नळ लागला असं दिसतं आणि अंगणात नळ नाही, असं आढळलं तर लगेच लेखी कळवा. योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होताना ग्रामसभेत हात वर करायला सांगतात. त्याआधी गावातल्या सगळ्यात उंचावरच्या आणि टाकीपासून सगळ्यात लांबच्या घरात पाणी चढतं का, हे कोणीतरी जाऊन बघितलेलं असलं पाहिजे. हस्तांतरण झालं की कंत्राटदार शोधूनही सापडत नाही आणि दुरुस्ती गावाच्या खर्चाने होते.

## ५. खोदकाम आणि जोडणी: इथे स्वतः उभे राहा

कामाच्या दिवशी सुट्टी काढा. सांगून झालेलं काम आणि बघून झालेलं काम यांत फरक पडतो.

मुख्य लाइनला सॅडल (पाइपाभोवती आवळायचा पट्टा) बसवून त्यात फेरूल (लहान भोकाचा जोड) लावतात आणि तिथून अर्धा इंची पाइप घरापर्यंत येतो. फेरूल हवाच. तो पाण्याचं माप राखतो. काही जण लाइनला सरळ भोक पाडून मोठा पाइप जोडून देतात आणि "पाणी जोरात येईल" म्हणून वरचे पैसे घेतात. पाणी जोरात येतं हे खरं, पण मागच्या गल्लीचं जातं. तपासणीत सापडलं की जोडणी बेकायदा ठरते आणि दंड तुमच्या नावावर पडतो, नळवाल्याच्या नाही.

पाइप कोणता घ्यायचा? आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. कडक पीव्हीसीचे जोड त्या ओढाताणीत सुटतात. खारपाणपट्ट्यात लोखंडी पाइप लवकर गंजतो. म्हणून निळा, लवचिक एमडीपीई पाइप बरा, शक्यतो मध्ये जोड न देता एकसलग. दोन फुटांच्या आसपास खोली, खाली-वर मुरूम किंवा रेती, मग माती.

आणि पाइप गटारातून नेऊ देऊ नका. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. खेड्यातले नळाचे पाइप नालीतून जातात कारण तिथे खोदावं लागत नाही. नळ दिवसातून तासभर सुटतो, उरलेल्या वेळी पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपाला बारीक चीर असली तर नालीतलं पाणी आत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली गुंडी तेच पाणी घेऊन येते. पावसाळ्यात गावात हगवण सुरू झाली की आरोग्य कर्मचारी आधी असेच जोड बघत फिरतात.

समोर नवा सिमेंट रोड झाला असेल तर तो फोडायची लेखी परवानगी घ्या आणि पुन्हा भरून देण्याचा खर्च कोणाचा हे आधी ठरवा. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर परवानगी ग्रामपंचायत देऊ शकत नाही.

घराच्या बाजूने तीन गोष्टी बघा.

तोटी बसवा. बिनतोटीचा नळ म्हणजे तुमची बादली भरल्यावर गल्लीत चिखल.

नळासाठी खड्डा करू नका. दाब कमी आला की लोक अंगणात दोन फूट खड्डा करून नळ खाली घेतात. खड्ड्यात सांडपाणी साचतं, नळ बंद झाला की तेच उलटं पाइपात ओढलं जातं. दाब कमी असेल तर तक्रार करा, जमीन उकरू नका.

टिल्लू पंप लावू नका. सगळे लावतात, माहीत आहे. लाइनला थेट मोटर लावली की शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, लाइन आत ओढ घेते आणि वरच्या सगळ्या चिरांतून घाण खेचली जाते. ग्रामपंचायत मोटर जप्त करू शकते आणि नळही तोडू शकते. गच्चीवर पाणी न्यायचं असेल तर खाली टाकं बांधा, नळाचं पाणी त्यात पडू द्या, आणि टाक्यातून मोटरने वर घ्या. तसं करायला कोणाची हरकत नाही.

घरी बोअर असेल तर बोअरचा पाइप आणि नळाचा पाइप एकमेकांना जोडू नका, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी नाही. खारपाणपट्ट्यात वापरायचं पाणी वेगळं आणि प्यायचं वेगळं, हा नियम जुन्या घरांत अजून पाळतात. नव्या घरांत प्लंबर दोन्ही एकाच टाकीत सोडून मोकळा होतो.

पाणी सुरू झालं की एक साधी तपासणी. १५ लिटरची बादली नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. मिशनचं माप माणशी दररोज किमान ५५ लिटर आहे, म्हणजे पाच जणांच्या घराला २७५ लिटर, साधारण अठरा बादल्या. एक बादली एका मिनिटात भरत असेल आणि नळ अर्धा तास राहत असेल तर तुमचं भागतं. बादलीला तीन मिनिटं लागत असतील तर भागणार नाही, आणि हे आकडे पुढे तक्रारीत कामाला येतात.

पाणी चार-पाच दिवसांआड येणारं गाव असेल तर टाकी त्या हिशोबाने घ्या. पाच माणसं, पाच दिवस, ५५ लिटर: १,३७५ लिटर. पाचशेची टाकी घेऊन नंतर ड्रम, रांजण, माठ जमवत बसण्यापेक्षा दीड हजाराची एकदाच घ्या, झाकणाची. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

## ६. पाणीपट्टी समजून घ्या

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली दोन प्रकारची पाणीपट्टी आहे. सामान्य पाणीपट्टी ही गावात सार्वजनिक सोय असल्याबद्दल. घरात नळ नसला तरी ती लागू होऊ शकते. विशेष पाणीपट्टी ही घरात खासगी नळ घेतल्याबद्दल. "माझ्याकडे नळच नाही, मग पाणीपट्टी कशाची?" हा वाद दर मार्चमध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीत होतो, आणि उत्तर हे आहे. मागणी बिलावर कोणती लावली आहे ते वाचा. एकाच घराला दोन्ही लागल्या असतील तर विचारायला हरकत नाही.

दर कसा ठरतो हे कळलं की अर्धी चिडचिड कमी होते. हिशोब करून बघू. समजा २५० नळांचं गाव आहे आणि विहिरीवर १० एचपीची मोटर रोज सहा तास चालते. दहा एचपी म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट, म्हणजे रोज ४५ युनिट, महिन्याला १,३५० युनिट. युनिटला सहा रुपये धरले तर ८,१०० रुपये वीज. नळ सोडणाऱ्याला ८,००० धरा. फुटाफुटी, व्हॉल्व्ह, मोटर जळणं यांचे सरासरी ४,००० धरा. टीसीएल पावडर (पाण्यातले जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला पाच ग्रॅम लागते; २५० घरांना २७५ लिटरप्रमाणे रोज जवळजवळ ६९ हजार लिटर, म्हणजे महिन्याला दहा किलो, तिचे ५०० धरा. एकूण २०,६००. अडीचशे घरांनी भरले तर महिन्याला घरामागे ८२ रुपये. निम्म्यांनीच भरले तर १६५. इथले रुपये मी धरलेले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील, पण बेरीज अशीच होते. सगळ्यात मोठा आकडा विजेचा, आणि बिल थकलं की आधी तोच पुरवठा तुटतो.

याच्या शेजारी दुसरा हिशोब ठेवा. गावात आरओचं वीस लिटर पाणी पाच रुपयांना मिळत असेल तर हजार लिटरला २५० रुपये पडतात. रोज एक कॅन म्हणजे वर्षाला १,८२५ रुपये. तो माणूस दारात आला की आपण सुटे काढून देतो, आणि पाणीपट्टीला मात्र "पुढच्या महिन्यात बघू". मला याचं नवल वाटणं बंद झालं आहे.

धरणाच्या पाण्याला आणखी एक थर असतो. धरणातून उचललेल्या पाण्याचे ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, पिण्यासाठी कमी आणि कारखान्यांसाठी बरेच जास्त. त्यावर शुद्धीकरण, पंपिंग आणि लांबचा पाइप. म्हणून प्रादेशिक योजनेचं पाणी गावच्या विहिरीपेक्षा महाग पडतं.

मीटर असेल तर बिल घनमीटरमध्ये येतं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पाच जणांचं घर ५५ लिटरने महिन्याला सव्वाआठ घनमीटर वापरेल. बिलात तीस दिसले तर गळती शोधा किंवा रीडिंग तपासा. मीटर बंद पडला की सरासरीने बिल लागतं आणि ते महिनोन्महिने तसंच चालू राहतं, म्हणून बंद मीटरची तक्रार पहिल्याच बिलाला लेखी द्या. पाणी येण्याआधी पाइपातली हवा सुटते आणि तिच्याने काटा फिरतो, हेही घडतं. तोटी सुरुवातीला बारीक उघडा. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा.

भरताना काय सांभाळायचं:

पावती घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, घरी वसुलीला आलेल्या चपराशालाही नाही. ग्रामपंचायतीची कराची पावती नमुना १० वर असते. तिच्यावर घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी असे वेगळे रकाने असतात. तुम्ही पाणीपट्टी दिली आणि लिहिली गेली घरपट्टीच्या रकान्यात, असं झालं तर वर्षअखेरीस पाणीपट्टी थकीत दिसते. तिथल्या तिथे वाचा. बऱ्याच ग्रामपंचायतींचा कर महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट ॲपवरही भरता येतो.

थकलं तर आधी बिल, मग मागणी नोटीस, मग जप्तीपर्यंत जाण्याचा अधिकार कलम १२९ देतं. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं लोकअदालतीत जातात. तिथली नोटीस आली तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. जुन्या पावत्या घेऊन जा आणि हप्ते मागा. निवडणूक लागली की गावात अचानक वसुली वाढते, कारण मागणी बिलानंतर तीन महिने कर थकवणारा सदस्यपदाला अपात्र ठरतो. एरवी वर्षानुवर्षं न भेटणारी मंडळी त्या आठवड्यात ग्रामपंचायतीत रांगेत दिसतात.

## ७. पाणी पिण्याजोगं आहे का, हे विचारायचा हक्क

प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जलसुरक्षक असतो. टीसीएल टाकणं, ओटी चाचणीने क्लोरीन बघणं, नमुने प्रयोगशाळेत पाठवणं ही त्याची कामं. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. पाण्याला हलका वास आला म्हणून तक्रार करू नका. पावसाळ्यात वास अजिबात येत नसेल तेव्हा विचारा.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये गावाच्या जलस्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कोणतं, हे आरोग्य केंद्रात सहज कळतं.

क्लोरीनने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पांढरकवडा, झरी जामणी आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर पाणी तपासा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. खारपाणपट्ट्यात एकूण विद्राव्य क्षार बघा: लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, पर्याय नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. तान्हं बाळ आणि वरचं दूध असेल तर हे आधी बघा.

गावात चाचणी संचाचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला असतात, त्यांच्याकडे प्राथमिक तपासणी होते. शंका आली तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीमार्फत पाठवा. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही.

## ८. उन्हाळ्याची तयारी ऑक्टोबरात

टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत होतो. खासगी विहिरींचं अधिग्रहण, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, नवी विंधन विहीर, शेवटी टँकर. गावाचा ठराव वेळेत पंचायत समितीत गेला नाही तर मे महिन्यात तहसीलवर मोर्चा नेऊनही टँकर लगेच येत नाही. दिवाळीच्या आसपासच्या ग्रामसभेत हा एकच प्रश्न विचारा: आपल्या गावाचं नाव आराखड्यात दिलं का? तुमच्या शेतातल्या विहिरीला पाणी असेल आणि ती अधिग्रहित झाली तर मोबदला मिळतो. आदेशाची प्रत आणि उपशाच्या नोंदी जपून ठेवा.

## ९. तक्रार कुठे आणि कशी

ग्रामपंचायतीची योजना असेल तर क्रम असा: सचिव, मग पंचायत समितीत गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. प्रादेशिक योजना असेल तर आधी शाखा अभियंता, मग उपविभाग, मग कार्यकारी अभियंता. दोन्हीकडे तेच पत्र पाठवू नका, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

पत्रात "पाणी येत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं "पुरवठा सुरळीत आहे". तारखा लिहा, किती वाजता नळ आला, किती वेळ राहिला, १५ लिटरची बादली किती मिनिटांत भरली. गल्लीतल्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या, नळाचे आणि पावत्यांचे फोटो जोडा.

तरीही दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. मागायचं काय, हे नेमकं लिहा: पाणीपट्टी दराच्या ठरावाची प्रत, गेल्या वर्षाची पाणीपट्टी मागणी व वसुली, पाणीपुरवठ्याची वीजबिलं, आणि टीसीएल खरेदीची बिलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर प्रथम अपील. बऱ्याचदा अर्ज आवक झाल्याच्या आठवड्यातच व्हॉल्व्ह दुरुस्त होतो. झाला तरी कागद मागून घ्याच, पुढच्या ग्रामसभेत दरवाढीचा विषय आला की ते लागतात.